नाक्यावरची बातमी आणि घरपोच अंक



या सदरात आज आम्ही ‘आरएसएस’वर लिहिणार आहोत, आणि तेसुद्धा त्याची शिफारस करण्यासाठी. दचकू नका, आमचे डोके ठिकाणावर आहे! आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत त्याचा नागपूरच्या रेशीमबागेशी कवडीचाही संबंध नाही. ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ असे या तीन अक्षरांचे इंग्रजी लांब नाव आहे. एका ठिकाणी तयार झालेला मजकूर अनेकांकडे पोहोचविण्याची अगदी साधी सोय, असा त्याचा अर्थ घ्यावा. घराघरात गैरसमज नको म्हणून या लेखापुरते आम्ही त्याला ‘फीड’ म्हणू. जाणकार मंडळीही तसेच म्हणतात.

विषय निघाला तो असा. गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुण धम्मबांधवाने आम्हाला विचारले, “दादा, तुम्ही सदरात कुठकुठल्या गोष्टी लिहिता. त्या तुम्हाला सापडतात तरी कुठे? माझ्या मोबाईलवर तर दिवसभर तेच ते येते.” प्रश्न साधा होता, पण विहाराच्या पायरीवर उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येईना. म्हणून आजचा लेख.

वाचण्याजोगे, पाहण्याजोगे काही सापडण्याचे मोबाईलवर दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता नाक्याचा. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअपचे गट, यूट्यूबचे पहिले पान, हा सगळा नाकाच. तिथे जाऊन उभे राहायचे आणि जे कानावर पडेल ते ऐकायचे. दुसरा रस्ता घरपोच अंकाचा. कोणाचे वाचायचे ते आपण ठरवायचे, त्याची वर्गणी लावायची. नवा अंक निघाला की तो आपल्या दारात येऊन पडतो. फीड म्हणजे ही दुसरी तऱ्हा. फरक इतकाच की, बहुतेक ठिकाणी या वर्गणीला पैसे पडत नाहीत आणि ज्याचे वाचायचे त्याला आपले नाव, पत्ता, मोबाईल नंबर काहीही द्यावे लागत नाही.

ते चालते कसे? संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठेवते. त्या यादीत मथळा, तारीख, थोडा गोषवारा आणि मूळ लेखाचा पत्ता असतो. ही यादी यंत्राला वाचता यावी अशा ठरावीक नमुन्यात असते, म्हणून आपल्या डोळ्यांना ती सहसा दिसत नाही. आपल्या मोबाईलवर ‘फीड रीडर’ नावाचे अ‍ॅप घ्यायचे. ते थोड्या थोड्या वेळाने या याद्या पाहून येते आणि नवे काही असेल तर आपल्यापुढे मांडते. कचेरीत नोकरी केलेल्या वाचकांना एका शब्दात सांगायचे तर ही आवक नोंदवही आहे. टपाल आले, तारीख पडली, क्रमांक पडला, ओळीने नोंद झाली. साहेबांच्या पाहुण्याचे पत्र वर आणि गरिबाचा अर्ज खाली, असे आवक नोंदवहीत करता येत नाही. (करणारे ते पुढच्या टेबलावर करतात, तो भाग निराळा!)

ही सोय काही आजची नाही. १९९९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने तिचा पहिला नमुना काढला. त्याच्या मुळाशी जे डोके होते त्यात रामनाथन गुहा हे मद्रासच्या आयआयटीत शिकलेले आपल्या देशाचे गृहस्थ होते. पुढच्याच वर्षी, २००० साली, या नमुन्याची जी सुधारित आवृत्ती निघाली, तिच्या कर्त्यांमध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव अ‍ॅरन स्वार्ट्झ. चौदा वर्षांचा! आपल्याकडे त्या वयात मुलगा नववीत असतो आणि त्याच्या हातातून मोबाईल काढून घ्यावा की नाही याची आपण चर्चा करीत असतो.

या मुलाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कारण त्याची गोष्ट आपल्या लोकांना परकी वाटणार नाही. ज्ञान पैसेवाल्यांच्या कुलपात असू नये, असे त्याचे मत होते. संशोधनाचे लेख लिहिणारे प्राध्यापक बहुधा सार्वजनिक पैशावर काम करतात, पण तयार झालेला लेख वाचायचा तर भरमसाट दाम मोजावे लागतात. स्वार्ट्झने बोस्टनजवळच्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या जाळ्यातून असे लाखो लेख उतरवून घेतले. २०११ साली त्याच्यावर खटला भरला गेला. पस्तीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे सरकारी वकिलांनी तेव्हा जाहीर केले होते. खटला चालू असतानाच ११ जानेवारी २०१३ रोजी त्याने आत्महत्या केली. तो सव्वीस वर्षांचा होता. तळ्याला कुलूप नव्हते तरी ज्यांना त्यातले पाणी प्यायला बंदी होती, त्यांच्या मुलाबाळांनी या तरुणाचे नाव लक्षात ठेवावे, असे आम्हाला वाटते.

आता नाक्याकडे वळू. नाक्याला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. मुंबई-ठाण्याच्या नाक्यावर सकाळी उभा राहणाऱ्या कामगाराला विचारा, त्याची रोजी त्या नाक्यावरच मिळते. आपल्या समाजालाही या नव्या नाक्याने खूप दिले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पण ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापली नव्हती. वर्तमानपत्रांची दारे आपल्याला कशी बंद होती याचा हा पुरावा. शंभर वर्षांनीही ती पुरती उघडली आहेत असे म्हणवत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याचे अखेरचे पत्र या मोबाईलवरून त्या मोबाईलवर असे करीत देशभर गेले. ते छापायचे की नाही हे ठरवायला कुणा संपादकाची परवानगी लागली नाही. गावोगावच्या आपल्या मुली आज आपल्या आजीची गोष्ट, आपल्या गावच्या पाणवठ्याची गोष्ट फेसबुकवर लिहितात. पंजाबातला रविदासी, तामिळनाडूतला आपला बांधव आणि नांदेडचा आपला मुलगा यांची ओळख कोणत्या मराठी दैनिकाने करून दिली असती? ती नाक्यानेच करून दिली.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, हा नाका कोणाच्या तरी मालकीचा आहे. तिथे कोणाचा आवाज आपल्या कानावर पडावा हे मालकाचे यंत्र ठरविते. त्या यंत्राच्या हिशेबाला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे हिशेब म्हटला की आधी जमा-खर्चाची बाजू पाहतो. नाक्यावर उभे राहायला आपल्याकडून भाडे घेत नाहीत. मालकाचे उत्पन्न जाहिरातीतून येते. आपण जितका वेळ उभे राहू तितक्या जाहिराती आपल्याला दाखविता येतात. तेव्हा यंत्राचे काम एकच, माणसाचा पाय निघू द्यायचा नाही.

पाय कशाने निघत नाही? फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर काढली तेव्हा हे उघड झाले. २०१७ पासून काही काळ तिथे असा हिशेब होता की, एखाद्या मजकुराला ‘लाईक’ मिळाला तर एक गुण, आणि प्रेमाचा, हसण्याचा, रडण्याचा किंवा संतापाचा चेहरा मिळाला तर पाच गुण. ज्याला गुण जास्त तो मजकूर वर चढणार. म्हणजे आपल्या समाजाला शिवी देणारे काही दिसले, आपण रागाने लाल चेहऱ्यावर बोट ठेवले, की ती शिवी पाचपट बळ घेऊन आणखी चार घरांत पोहोचणार! ज्या मजकुरावर संतापाचे चेहरे अधिक पडतात त्यात खोटेनाटे अधिक असते, हे कंपनीच्याच माणसांनी शोधून काढले होते. पुढे २०२० मध्ये संतापाच्या चेहऱ्याचे गुण शून्यावर आणले गेले. पण तोवर किती घरांत किती विष गेले, त्याचा ताळेबंद कोण मांडणार?

घरातल्या भगिनींच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. आपल्या घरांत पुष्कळदा चौघांत मिळून एक चांगला मोबाईल असतो. लहानग्याने त्यावर कार्टून पाहिले, त्याच्या पप्पांनी भाषण ऐकले, ताईने परीक्षेचा धडा पाहिला आणि रात्री आईने भाजीची कृती पाहिली. यंत्राला वाटते की हा एकच माणूस आहे! मग ताईच्या अभ्यासात कार्टून घुसते आणि आईला कुणाच्या तरी गळा काढून केलेल्या भाषणाचा तुकडा दिसतो. त्या कोलाहलात ताईचा धडा सापडत नाही. अभ्यासाला बसलेली मुलगी अर्ध्या तासाने नाचाचे तुकडे पाहताना सापडली म्हणून तिला आपण रागावतो. तिच्यासमोर ते ताट वाढून ठेवणारा मात्र दूर अमेरिकेत बसलेला असतो.

व्हॉट्सअपच्या गटाचे थोडे निराळे आहे. तिथे काय दिसावे ते यंत्र ठरवीत नाही, माणसेच पुढे ढकलतात. पण ढकलणाऱ्याने वाचलेले असतेच असे नाही. एक उदाहरण प्रत्येकाच्या मोबाईलवर सापडेल. कोलंबिया विद्यापीठाने २००४ साली आपल्या अडीचशेव्या वर्धापनानिमित्त आपल्याशी संबंधित नामवंतांची यादी केली आणि तीत बाबासाहेबांचे नाव घेतले, ही गोष्ट खरी. गटागटांतून फिरता फिरता तिचे झाले, ‘जगातील शंभर विद्वानांत बाबासाहेबांचा पहिला क्रमांक’! आपल्याला आनंद होतो, आपण पुढे पाठवितो. विरोधक ते खोटे असल्याचे दाखवितो आणि मग आपला पोरगा कॉलेजात मान खाली घालतो. अहो, कोलंबियाची पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची १९२३ ची डी.एस्सी., आणि त्याच वर्षी छापलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ, एवढे भांडवल असताना उसन्या पहिल्या नंबरची गरज काय? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. ते खंड संगणकावर मोफत वाचायला मिळतात. त्यांतले एक पान कोणी गटात टाकले, असे क्वचितच दिसते.

यापेक्षा भयंकर उदाहरण १ जुलै २०१८ चे आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही भटकी माणसे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास अटकाव करण्याची पद्धत आणली. पाच जीव गेल्यावर.

आणि सगळेच नुकसान असे वर्तमानपत्रात छापून येत नाही. आमच्या वस्तीत एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील रखवालदार, आई चार घरची धुणीभांडी करते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मोबाईलवरच्या एका गटात सूचनेचा फोटो आला, ‘अर्ज भरण्यास मुदतवाढ’. फोटो खरा होता, शिक्का खरा होता, सहीसुद्धा खरी होती. पण वरचा तारखेचा भाग कापलेला! ती सूचना आदल्या वर्षीची होती. मुलगी जातीच्या दाखल्याची प्रत मिळेपर्यंत थांबली. तिच्याबरोबर आम्ही कचेरीत गेलो तेव्हा “आता संगणकच अर्ज घेत नाही” एवढे ऐकून परत आलो. त्या वर्षाची फी भरायला तिच्या आईने कानातली फुले गहाण ठेवली. ज्याने तो फोटो टाकला त्याच्या मनात पाप नव्हते, मदतच करायची होती. आमच्या धंद्यात मात्र ज्या कागदावर तारीख नाही तो कागदच नव्हे.

तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. कालामांची तक्रार काय होती? गावात निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोडून काढतो. आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? ही तर हुबेहूब आपल्या मोबाईलची तक्रार! तथागतांनी त्यांना सांगितले ते असे की, केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. पण वाचकहो, पारखायचे तर ते कोठून आले, कोणी लिहिले, कधी लिहिले, हे तरी हाती असावे लागते. पुढे ढकललेल्या संदेशात नेमके तेच गळून पडते. फीडमध्ये ते तिन्ही जागेवर असते. मूळ संकेतस्थळ, मथळा, तारीख.

फीडने आलेले सगळे खरेच असते असे मात्र कोणी समजू नये. खोटारड्याची वर्गणी लावली तर खोटे वेळेवर घरपोच येईल. निवड आपली, तशी जबाबदारीही आपलीच. आणखी एक उणीव आहे. जे आपल्याला माहीतच नाही ते फीड आणून देत नाही. नाक्यावर अचानक भेटणारा अनोळखी माणूस घरपोच अंकात भेटत नाही. म्हणून आम्ही स्वतः काय करतो ते सांगतो. नाक्यावर जातो, पण राहायला जात नाही. तिथे एखाद्याचे लिहिणे आवडले, की या माणसाचे स्वतःचे संकेतस्थळ आहे का, ब्लॉग आहे का, यूट्यूबवर स्वतःची वाहिनी आहे का, हे पाहतो. असेल तर त्याचे फीड आपल्या यादीत घालतो आणि नाक्यावरून निघतो. त्यानंतर तो माणूस आम्हाला दिसावा की नाही हे नाक्याच्या मालकाच्या हाती राहत नाही.

यात एक गोम आहे, ती नीट सांगितली पाहिजे. नाक्यावर रोज ओरडणाराच टिकतो. जो तीन महिन्यांनी एकदा लिहितो, पण लिहितो तेव्हा जुने दप्तर चाळून, म्हाताऱ्या माणसांना भेटून लिहितो, त्याला यंत्र विसरते, आणि यंत्र विसरले की आपणही विसरतो. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणारी माणसे बहुधा याच जातीची. नोकरी सांभाळून, रविवारी लिहिणारी. फीडचा खरा उपयोग अशा माणसांसाठी आहे. त्याने सहा महिने काही लिहिले नाही तरी त्याची जागा यादीत राखलेली असते. एक दिवस सकाळी अ‍ॅप उघडावे आणि त्याच्या नावापुढे ‘१’ आकडा दिसावा, तो आनंद आम्हाला जुन्या काळच्या पोस्टमनची आठवण करून देतो. उलट मोठ्या दैनिकाचे संपूर्ण फीड घेऊ नये. दिवसाला शे-दीडशे मथळे येऊन पडतात आणि आठ दिवसांत माणूस कंटाळून अ‍ॅप काढून टाकतो. दैनिक वाचनालयात वाचावे.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील की, ही सोय तर केव्हाच मेली. त्यांच्या म्हणण्याला कारण आहे. गुगलने २००५ साली ‘गुगल रीडर’ नावाचा फीड वाचण्याचा कारखाना काढला, लोकांना सवय लावली, आणि वापर घटल्याचे कारण सांगून १ जुलै २०१३ ला तो बंद केला. पण तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लोकांनी आपल्या वर्गणीची यादी एका फाइलीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेली. दुकान बुडाले, गिऱ्हाईक बुडाले नाही. कारण फीडचा नमुना खुला आहे, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. नाक्यावरून असे बिऱ्हाड हलविता येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पत्रकार-प्राध्यापक दिलीप मंडल यांच्या ट्विटर खात्यावर निर्बंध आले, तेव्हा बहुजन समाजातील हजारोंनी तिथे जातीय पक्षपाताचा आरोप करीत मोठी ओरड केली. कंपनीने आरोप नाकारला. (मंडल यांची पुढची वाटचाल हा स्वतंत्र वादाचा विषय आहे, तो इथे नको.) मुद्दा असा की, लाखो वाचक जोडलेला माणूसही तिथे भाडेकरूच होता. त्या ट्विटरचा मालक २०२२ मध्ये बदलला, २०२३ मध्ये पाटीही बदलून ‘एक्स’ झाली, आणि भाडेकरूंना कोणी विचारले नाही. आपल्या लिहिणाऱ्या मुलामुलींना आमची म्हणूनच विनंती आहे की, फेसबुकवर जरूर लिहा, पण त्याची प्रत स्वतःच्या ब्लॉगवर ठेवा. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या दोन्ही ठिकाणी मोफत जागा मिळते आणि फीड आपोआप तयार होते.

आता करायचे कसे ते. अँड्रॉइड मोबाईलवर ‘फीडर’ नावाचे एक मोफत अ‍ॅप आहे. आयफोन असेल तर ‘नेटन्यूजवायर’, तेही मोफत. संगणकावर वाचायचे असेल तर ‘फीडली’ किंवा ‘इनोरीडर’. अ‍ॅप उघडून बेरजेचे चिन्ह दाबायचे आणि संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा. पुष्कळदा फीड आपोआप सापडते. नाही सापडले आणि ब्लॉग वर्डप्रेसचा असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत लिहून पाहावा. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही फीड असते. वाहिनीच्या पानाचा पत्ता टाकला की बहुतेक रीडर ते शोधून काढतात. मग भीमगीते गाणाऱ्या आपल्या आवडत्या गायकाचे नवे गाणे आले की तेवढेच दिसते, शेजारचा बाजार दिसत नाही. मोबाईलवर ऐकतात ते पॉडकास्टही याच फीडवर चालतात. बीबीसी मराठीचे फीड आहे, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचे आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम मात्र आपले फीड असे बाहेर देत नाहीत. गिऱ्हाईक बाहेर जाईल, अशी भीती!

शिष्यवृत्तीच्या बाबतीत फीडवर विसंबून राहता येत नाही, कारण अनेक सरकारी संकेतस्थळांवर ही सोय ठेवलेलीच नाही. त्यासाठी आमच्या विहारात एक पद्धत सुरू केली आहे. बारावीच्या पुढे शिकणाऱ्या दोन मुली बुधवारी आणि रविवारी महाडीबीटीचे संकेतस्थळ, समाजकल्याण खात्याचे आणि पुण्याच्या बार्टीचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहतात. नवी सूचना असेल तर तिचा संपूर्ण कागद, तारखेसह, छापून विहाराच्या फळ्यावर लावतात. खाली पाहणारीची सही आणि पाहिल्याचा दिवस. गटात कोणी ‘मुदत वाढली’ असे टाकले की लोक आता फळ्याकडे येतात. फी भरायला कानातली फुले गहाण पडली ती मुलगी या दोघींपैकी एक आहे.

ज्या तरुणाने प्रश्न विचारला त्याच्या मोबाईलवर आम्ही पाच नावे घालून दिली. इतिहास लिहिणारा एक ब्लॉग, कामगार कायद्यावर मराठीत बोलणारी एक वाहिनी, पाली शिकविणारी एक वाहिनी, बीबीसी मराठी, आणि पाचवे त्याने स्वतः निवडले, क्रिकेटचे. आम्ही हरकत घेतली नाही.

आमच्या स्वतःच्या यादीत सध्या अकरा नावे आहेत. त्यात बायकांनी लिहिलेली दोनच आहेत, आणि विदर्भातले एकही नाही. वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असे लिहिणारी भगिनी किंवा बांधव असेल, मग ती वर्षातून दोनदाच लिहीत का असेना, तर संकेतस्थळाच्या पत्त्यासह या साप्ताहिकाच्या कार्यालयाकडे पोस्टकार्डाने कळवावे. व्हॉट्सअपवर कळविले तरी चालेल, पण तारीख घालावी.